पहिलं नाव कुणाचं?

चोपड्याहून अडावदमार्गे उनपदेवला गेलं की सातपुड्याच्या पायथ्याशी गरम पाण्याचा झरा लागतो. तिथला चटका आणि कळण्याच्या भाकरीसोबत खाल्लेल्या ठेच्याची आग, दोन्ही टिपणारं आपल्या चेतातंतूंवरचं प्रथिन एकच: टीआरपीव्ही-१. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे ते उघडतं आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननेही उघडतं.

या शोधासाठी २०२१चं नोबेल डेव्हिड ज्युलियस यांना मिळालं. स्पर्श टिपणाऱ्या प्रथिनांच्या शोधासाठी त्यांच्यासोबत आर्डेम पॅटापुटियन यांना. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हीच दोन नावं आहेत. पण १९९७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या मूळ शोधनिबंधावर पहिलं नाव मायकेल कॅटेरिना यांचं आहे. ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत ते तेव्हा उमेदवारी करत होते. वेदना टिपणाऱ्या पेशींतली जनुकं त्यांनी गटागटाने अशा पेशींत घातली, ज्यांच्यावर कॅप्सेसिनचा परिणामच होत नाही. मग कोणत्या गटातल्या पेशी कॅप्सेसिन घालताच उजळतात ते पाहायचं, तो गट पुन्हा विभागायचा, असं एक जनुक उरेपर्यंत.

बर्ट्रांड कोस्त यांची चिकाटी तर मुलांना मुद्दाम सांगावी अशी. पॅटापुटियन यांच्याकडे काम करताना पेशीला दाब कशामुळे कळतो हे शोधायला त्यांनी ७२ संशयित जनुकं एकेक करून बंद पाडली. यश आलं ते शेवटच्या जनुकाला. दाब टिपणाऱ्या या पिएझो-१चा शोध २०१०मध्ये जाहीर झाला.

त्याच प्रयोगशाळेतून २०१४मध्ये पिएझो-२ आणि स्पर्शावरचा निबंध आला, पहिलं नाव संजीव रानडे. दाबामुळे होणाऱ्या वेदनेवरच्या २०१८च्या निबंधात ते श्वेता मूर्ती यांचं. कॅटेरिना आणि मूर्ती आज स्वतःच्या प्रयोगशाळा चालवतात.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांचं श्रेय यामुळे कमी होत नाही. प्रश्न त्यांचा असतो, पैसा तेच उभा करतात, अपयशाची वर्षंही तेच सांभाळून घेतात. तरीही विज्ञान शिकणाऱ्या मुलांना उमेदवारी करणाऱ्यांची ही नावं आधी कळायला हवीत, कारण उद्या त्यांना उभं राहायचंय ते याच जागी. आपल्याकडे मात्र अनेक ठिकाणी प्रकल्प म्हणजे मागच्या वर्षीची वही उतरवणं. उत्तर आधीच माहीत असेल तर ७२व्या प्रयत्नापर्यंत जाईल कोण?

सुरुवात जवळूनच करता येईल. नंदुरबारच्या बाजारातली मिरची आणावी आणि चोपड्यातल्या फार्मसीच्या विद्यार्थ्यांनी वाणागणिक, वाळवणीगणिक तिच्यातलं कॅप्सेसिन मोजावं. अहवालावर पहिलं नाव मोजणाऱ्या मुलीचं किंवा मुलाचं असावं, मार्गदर्शकाचं शेवटी.