कॉइल तोडण्याआधी जोडून पाहा

लग्नसराई आटोपली आहे आणि गणपतीच्या सुपाऱ्या अजून ठरायच्या आहेत. आषाढातल्या या दिवसांत वाजवणाऱ्यांना उसंत असते, म्हणून वाद्ये आपल्या दुरुस्तीच्या टेबलावर येतात. हल्ली गिटार घेऊन येणाऱ्याच्या मोबाइलमध्ये वायरिंगचा नकाशा आधीच असतो. त्याला पुश-पुल पॉट हवा असतो, कॉइल स्प्लिट हवे असते, जमल्यास फेजचा स्विचही. एका गिटारीतून डझनभर आवाज निघतात हे त्याने कुठेतरी पाहिलेले असते. निघतातही. पण दौंड-शिरूरच्या स्टेजवर त्यातले दोन, फार तर तीन उपयोगी पडतात, असे आमचे मत आहे. आणि ज्या स्प्लिटचा आग्रह सगळ्यांत जास्त होतो, तेच आपल्याकडे सगळ्यांत कमी कामाचे आहे.

दौंडला गिटार परकी नाही. जंक्शनचे गाव, रेल्वे कॉलनी, तिथली अँग्लो-इंडियन कुटुंबे. हे वाद्य इथे जुने आहे. तालुक्यात चौफुल्याच्या कला केंद्रांत पेटी-ढोलकीचे राज्य असले तरी ऑर्केस्ट्रा आणि चर्चची गायकमंडळी गिटारवाचून राहत नाहीत. त्यांना वाजवावे लागते कुठे? जत्रेच्या मांडवात, जनरेटरवर, डिमर लावलेल्या दिव्यांच्या आणि एलईडी वॉलच्या शेजारी, लाइटच्या केबलीला चिकटून टाकलेल्या गिटारच्या केबलीतून. अशा जागी सिंगल कॉइल गाण्याआधी स्वतःच घूं करू लागते. पुणे-दौंड मार्गावर 2017 पासून पंचवीस हजार व्होल्टची तार आली, तेव्हापासून रुळाजवळ राहणारे काही जण सगळा दोष तिलाच देतात. तार निर्दोष नसेलही, पण आधी घरातली ट्यूबलाइटची चोक आणि अॅम्पचा ट्रान्सफॉर्मर तपासा. गिटार हातात घेऊन जागेवर गोल फिरा. एका दिशेला घूं कमी आणि दुसऱ्या दिशेला जास्त झाली, तर ती चुंबकीय आहे आणि पिकअपमधून येते आहे.

या घूंवरचा इलाज जुना आहे. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेला हंबकर म्हणजे उलट गुंडाळलेल्या दोन कॉइल आणि त्यांच्या खांबांचे उलट चुंबकीय ध्रुव. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो, बाहेरची 50 हर्ट्झची घूं मात्र एकमेकींत मरते. स्प्लिट करताना आपण यातली एक कॉइल बंद करतो. पैसे घेऊन आपण त्या माणसाला त्याची घूं परत देतो, असाच याचा अर्थ.

त्याऐवजी त्याच दोन कॉइल पॅरलल जोडा. सिरीजमध्ये आठ किलोओम दाखवणारा पिकअप पॅरललमध्ये दोन दाखवेल. इंडक्टन्सही साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो, त्यामुळे वरचे सूर उघडतात आणि आवाज पातळ, स्वच्छ होतो. ताकद स्प्लिटच्या जवळपास. घूं मात्र मेलेलीच राहते, कारण दोन्ही कॉइल चालू असतात. लागतो तो सहा पायांचा साधा पुश-पुल, म्हणजे जो स्प्लिटलाही वापरतात तोच. फक्त दोन-तीन टाके जास्त मारावे लागतात. हा आवाज हुबेहूब सिंगल कॉइलचा नसतो, हे गिऱ्हाइकाला आधी सांगा. पण ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डच्या गर्दीत तो फरक ऐकून दाखवणारा माणूस आम्हाला अजून भेटायचा आहे.

तरीही कोणी स्प्लिटवरच अडून बसला, तर दोन हंबकरांतल्या विरुद्ध चुंबकाच्या कॉइल चालू ठेवा. मग निदान स्विच मधल्या जागी असताना घूं मरेल.

तीन सिंगल कॉइलच्या गिटारीत वेगळी गोष्ट आहे. स्ट्रॅटोकास्टर 1954 मध्ये आली ती तीन जागांच्या स्विचसह. वाजवणारे तो स्विच दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवत, आणि कंपनीने पाच जागांचा स्विच दिला तो 1977 मध्ये. आज मधला पिकअप उलट गुंडाळलेला आणि उलट चुंबकाचा मिळाला, तर दुसऱ्या आणि चौथ्या जागी घूं आपोआप मरते. बदलीचा पिकअप बसवताना नेमके हेच पाहिले जात नाही. सुईचा मीटर सगळ्यांत कमी डीसी व्होल्टवर ठेवा, पिकअपच्या खांबाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवा आणि झटक्यात उचला. दोन्ही पिकअपना सुई एकाच बाजूला उडाली, तर फेज जुळला. मग होकायंत्र धरा. चुंबक एकमेकांच्या उलट निघाले, तर घूंही मरणार. डिजिटल मीटरवर हे नीट दिसत नाही, म्हणून जुना मीटर भंगारात देऊ नका.

आता बेंजो. आपल्या भागात गिटारीपेक्षा जास्त पिकअप बेंजोतच बसलेले असतील. जपानमधल्या नागोयात 1912 साली तयार झालेले ताइशोगोतो आपल्याकडे बुलबुलतरंग, म्हणजेच बेंजो, झाले आणि वरातीत शिरल्यावर त्याला पिकअप चढला. तिथे टेम्पोवरचा जनरेटर हातभर अंतरावर, आणि पिकअप बहुतेकदा एका कॉइलचा. दुरुस्तीला आलेल्या बेंजोत आम्ही रेल-हंबकर सुचवू. बेंजोच्या तारांचे अंतर गिटारीसारखे नसते, त्यामुळे सुट्या खांबांच्या पिकअपवर एक तार ओरडते आणि शेजारची दबते. सलग पट्टीच्या रेलवर हा त्रास राहत नाही. व्हॉल्यूम, टोन, बस. गुलालात वाजणाऱ्या वाद्याला एकही स्विच देऊ नका.

गिटारीतसुद्धा पुश-पुलचा स्विच फार लवकर जातो. पाच जागांचा उघडा लिव्हर-स्विच धुळीने खरखरला तर क्लीनर मारून पुन्हा चालतो. बंद डबीतला स्वस्त स्विच टाकूनच द्यावा लागतो. फेज-स्विचबद्दल एकच सांगतो: तो नाकातला आवाज खालचे सूर गिळून टाकतो, आणि चुकून दाबला गेला की वाजवणाऱ्याला अॅम्पच बिघडला असे वाटते. पॉटचा हिशेब सर्वांना ठाऊक आहे, हंबकरला 500 किलोओम आणि सिंगलला 250. मिश्र गिटारीत 500 चाच पॉट ठेवून सिंगल कॉइलच्या वाटेवर 470 किलोओमचा रेझिस्टर ग्राउंडला टाकला, की किणकिणाट आटोक्यात येतो.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. तारांना हात लावला की घूं कमी होते, कारण ब्रिजपासून ग्राउंडला वायर गेलेली असते. ती अॅम्पच्या बॉडीपर्यंत पोहोचते. जत्रेत अॅम्पचा तिसरा पिन कापलेला असतो आणि जनरेटरला आर्थिंग नसते. गाणाऱ्याने तारा धरून माइकला ओठ लावले तर झटका बसतो, आणि तो जिवावरही बेततो. ब्रिजची वायर काढून टाकणे हा उपाय नव्हे. घूं वाढते आणि धोका अॅम्पमध्ये तसाच राहतो. वाजवायच्या आधी एसी व्होल्टवर ठेवलेल्या मीटरची एक सळई तारांना आणि दुसरी माइकच्या जाळीला लावायला प्रत्येक गिऱ्हाइकाला शिकवा. काटा हलला तर अॅम्पचा तिसरा पिन आणि जनरेटरचे आर्थिंग नीट करून काटा हलायचा थांबल्याशिवाय कार्यक्रम सुरू करायचा नाही.

एक विनंती आहे. वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात. सीमोर डंकनमध्ये काळी वायर गरम, डिमार्झिओमध्ये लाल. हिरवी दोघांकडे ग्राउंडला जाते. साध्या बनावटीच्या पिकअपमध्ये तर कशाचाच भरवसा नाही. दौंडमध्ये उघडलेली गिटार पुढच्या वेळी पुण्यात तपकीर गल्लीजवळ कोणाच्या तरी टेबलावर उघडेल आणि त्या कारागिराला पुन्हा पहिल्यापासून शोधत बसावे लागेल. म्हणून झाकण लावण्याआधी कोणती वायर कुठे गेली आणि पुश-पुल वर ओढला की काय होते, हे कागदावर काढा, तारीख टाका आणि तो कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा.