पंख्याची तीन पाती ओळखा



३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण डोंगराखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. ढिगारा उपसायला केशरी कपड्यातले जवान आले, ते राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे. त्यांची पाचवी बटालियन आपल्याच जिल्ह्यात, तळेगावजवळ सुदुंबरे येथे असते. किरणोत्सर्गाच्या अपघातात काय करायचे, याचेही शिक्षण या जवानांना दिलेले असते. पण माळीणची पहिली खबर दिली ती एस. टी. च्या चालकाने. नेहमीचे गाव दिसेना, हे त्याने पाहिले आणि कळवले. शिकलेला जवान नंतर येतो. आधी तिथे आपल्यातलाच कुणीतरी असतो.

तुम्ही म्हणाल, तारापूरची अणुभट्टी कुठे आणि जुन्नर-आंबेगाव कुठे! खरे आहे. पण असा धोका भंगारातूनही येतो. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात विद्यापीठाने लिलावात काढलेले एक जुने यंत्र फोडले गेले. आत कोबाल्ट-६० होते. एका दुकानदाराने त्याचा तुकडा पाकिटात ठेवला. कातडी भाजली, केस गळले, एक जण दगावला. दवाखान्यातली आणि कारखान्यातली काही यंत्रे अशा पदार्थांवर चालतात.

या किरणांना वास नाही, आवाज नाही. फवारणीचे औषध निदान नाकाला कळते. म्हणून खूण पाहावी : पिवळ्या पाटीवर मधे टिकली आणि भोवती पंख्याची तीन पाती. डबा आकाराच्या मानाने फारच जड लागेल, कारण आत शिसे असते. पाटी गळून पडलेली असू शकते, तेव्हा असा अनोळखी जड डबाही संशयाचाच समजा.

उचलू नका, घण मारू नका. आणि कृपा करून विहिरीत टाकू नका. नको ती वस्तू विहिरीत, ही आपली जुनी खोड! पुरूही नका. निदान शंभर फूट दूर व्हा. अंतर दुप्पट झाले की किरणांचा मारा चौथाईवर येतो. पोरे आणि जनावरे लांब ठेवा, ११२ ला फोन करा, पोलीस पाटलांना सांगा.

कुणी हात लावलाच असेल, तर फवारणीनंतर करतो तसेच करावे. वरचे कपडे काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावेत, साबण-पाण्याने अंग धुवावे, पण खरवडू नये. धुतल्याशिवाय भाकरी नाही, तंबाखू-मिश्रीही नाही. डॉक्टरांना त्या डब्याविषयी आपणहून सांगावे. भाजल्याचे व्रण कित्येकदा काही दिवसांनी उठतात, आणि तेव्हा कुणाला त्या डब्याची आठवण राहत नाही.

जाता जाता एक. खोडदच्या दुर्बिणीच्या नावात ‘रेडिओ’ असला तरी त्या थाळ्या आकाशातल्या लहरी फक्त ऐकतात. त्यांचा याच्याशी संबंध नाही. लासलगावला किरणे दिलेला कांदाही किरणोत्सर्गी होत नाही, खुशाल खावा.

येत्या ग्रामसभेत हा विषय काढा. पिवळ्या कागदावर काळ्या शाईने ती खूण मुलांकडून काढून घ्या. एक कागद शाळेत लावा, दुसरा भंगारवाल्याच्या काट्याजवळ, आणि खाली ११२ हा आकडा ठळक लिहा.