झटके, गोंधळ आणि आपले प्रिस्क्रिप्शन

मूत्रपिंडाचा जुनाट विकार म्हटले की आपण सुजलेले पाय, रक्तक्षय आणि चढलेला रक्तदाब पाहतो. हातातून कप निसटणे, अडखळत चालणे, रात्रभर जागून दिवसा पेंगणे या तक्रारी मात्र ‘वय झाले’ म्हणून सोडून देतो. २००६ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात अमेरिकेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हिमोडायलिसिसवरील पंचावन्न वर्षांपुढच्या रुग्णांची बौद्धिक चाचणी घेतली, तेव्हा ३७ टक्के रुग्णांत तीव्र घट आढळली. केसपेपरवर तशी नोंद जेमतेम ३ टक्के रुग्णांची होती.

मेंदू आणि मूत्रपिंड या दोन्ही अवयवांतल्या बारीक रक्तवाहिन्यांना मधुमेह आणि रक्तदाब सारखेच पोखरतात. त्यात साचलेल्या विषारी द्रव्यांची भर पडते. आधी बिघडते ते लक्ष आणि नियोजन. स्मरणशक्ती बराच काळ टिकते. म्हणून नातवंडांची नावे बिनचूक सांगणाऱ्या आजोबांना सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या वेगळ्या करता येत नाहीत. पायांची अस्वस्थ वळवळ असेल तर झोपेची गोळी देण्याआधी फेरिटिन पाहावे. दोन्ही हात पुढे करून मनगटे वर उचलायला सांगावे आणि अर्धा मिनिट थांबावे. हात क्षणभर गळून पुन्हा सावरत असतील, तर चयापचय बिघडल्याची ती खूण आहे.

अशा वेळी ‘युरिया चढला’ हे निदान चटकन सुचते. त्याआधी आपणच लिहून दिलेली औषधे तपासायला हवीत, हे आम्हाला ठासून सांगायचे आहे.

पंचाहत्तर वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या एका आजींचे उदाहरण घेऊ. क्रिएटिनिन १.४. रिपोर्टवर ‘किंचित वाढलेले’. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब केला तर क्लिअरन्स मिनिटाला २५ मिलीलिटरही भरत नाही. स्नायूच कमी, म्हणून क्रिएटिनिनही कमी दिसते. पायांच्या जळजळीसाठी या आजींना गॅबापेंटिन ३०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिले, तर ९०० मिलिग्रॅम होतात. या क्लिअरन्सला दिवसाची कमाल मर्यादा ७०० आहे. आठवडाभरात आजी पेंगू लागतात, अंगाला झटके येतात, तोल जातो आणि मांडीचे हाड मोडते.

अशी औषधे आपल्या रोजच्या वापरातली आहेत. कंबर धरली म्हणून किंवा उचकी थांबेना म्हणून दिलेले बॅक्लोफेन मूत्रपिंडाच्या रुग्णाला बेशुद्धीपर्यंत नेऊ शकते. उलटीसाठी दिलेल्या मेटोक्लोप्रमाइडने चेहरा निर्विकार होतो, हालचाली मंदावतात आणि आपण पार्किन्सनचे औषध सुरू करतो. नागिणीवरचे असायक्लोव्हिर पूर्ण मात्रेत दिले की भास होतात. रुग्णालयात सेफेपिम सुरू असताना रुग्ण बरळू लागला, तर मात्रा पुन्हा तपासावी. आहारही विचारावा. कमरखातील कॅरॅम्बॉक्सिन मूत्रपिंडाच्या रुग्णांत उचकीपासून आकडीपर्यंत काहीही घडवते. त्या उचकीवर बॅक्लोफेन दिले, तर एका विषावर दुसरे चढते.

उपचारातूनच मेंदूचा आजार उद्भवल्याचे उदाहरण मूत्रपिंडविकारशास्त्राच्या इतिहासातच आहे. सत्तरच्या दशकात डायलिसिसच्या रुग्णांची वाचा अडखळू लागली, झटके येऊ लागले, बुद्धी ढासळू लागली. १९७६ साली डेन्व्हरच्या आल्फ्रे आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या मेंदूत साचलेल्या अॅल्युमिनियमकडे बोट दाखवले. ते डायलिसिसच्या पाण्यातून आणि फॉस्फेट कमी करण्याच्या औषधांतून येत होते. पाणी शुद्ध करण्याची पद्धत सुधारली, ती औषधे मागे पडली आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

प्रत्येक झटका औषधाचाच असतो, असे नाही. मधुमेही, मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला अचानक पार्किन्सनसारखी लक्षणे आली किंवा हातपाय आपोआप हलू लागले, तर एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंचे बेसल गँग्लिया पाहावेत. रक्तातील आम्लता सुधारावी, मेटफॉर्मिन थांबवावे. अर्धांगवायू, साखर उतरणे, सोडियम घसरणे यांचा विचार तर नेहमीच हवा.

ज्येष्ठ, मधुमेही आणि रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर वय आणि वजनाशेजारी ईजीएफआर लिहा. तो साठच्या खाली असेल तर मूत्रपिंडावाटे बाहेर पडणाऱ्या प्रत्येक औषधाची मात्रा पडताळा. नवा गोंधळ, नवा कंप, नवे पडणे दिसले की नवी गोळी लिहिण्याआधी जुन्या गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगा. यातल्या कशालाच महागडे यंत्र लागत नाही.