चुलीला मीटर नाही



वरवट बकालच्या शिवारात कपाशीची शेवटची वेचणी झाली की घरामागे पऱ्हाट्यांची गंजी उभी राहते. शेजारी तुराट्यांची. पुढचे कित्येक महिने चूल त्यावर चालायची असते. पऱ्हाट्या उपटायच्या, वाळवायच्या, भारे बांधून डोक्यावर घरी आणायच्या, हे बहुतेक बाईचेच काम. त्याची मजुरी कुणी मोजत नाही, म्हणून त्याला ‘फुकटचे जळण’ म्हणतात.

घरातली ऊर्जा वाचवा, असे हल्ली सगळेच सांगतात. दिवे बदला, पंखे बदला. सांगणे चुकीचे नाही. ६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट खातो. ९ वॅटचा एलईडी दिवा दीड युनिटही घेत नाही. २०१५ साली उजाला योजना आली, हे दिवे स्वस्त झाले, बरेच झाले. पण दिव्याची उधळपट्टी बिलात दिसते आणि बिल घरधन्याच्या खिशातून जाते. चुलीला मीटर नाही. खेड्यातल्या घरात सर्वांत जास्त ऊर्जा लागते ती स्वयंपाकाला, आणि साध्या चुलीत जळणाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो. म्हणजे दहा भारे आणले तर नऊ भारे भिंत काळी करण्यात आणि आपले डोळे चुरचुरवण्यात गेले.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर आहे. संग्रामपूर तालुका पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. इथले विहिरीचे, हातपंपाचे पाणी खारट आणि जड. जड पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार दाण्याला मऊ होऊ देत नाहीत, म्हणून बाई चुलीत काड्या सारत राहते. खारपाण्याचा विषय निघाला की मूत्रपिंडाच्या आजारांबद्दल बोलले जाते आणि ते बोललेच पाहिजे. पण रोजच्या वरणामागे जळणारी ती जादाची काडी कुठल्याच निवेदनात येत नाही. नळाला गोडे पाणी आले नाही, तर त्या दिवशी नुसती तहान भागत नाही असे नव्हे. त्या दिवशी जळणही जास्त लागते. पाण्यासाठी मोर्चा नेताना हे कारणही लिहून न्यायला हवे.

चूल सुधारण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. धुराडे असलेल्या दोन तोंडांच्या चुली गावोगाव बसवल्या. २००२ साली कार्यक्रम बंद झाला, तोवर कागदोपत्री सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्या होत्या. त्यातल्या किती टिकल्या हा प्रश्न वेगळा. उद्दिष्ट गाठायचे होते, चुली मोजायच्या होत्या. धुराडे तुंबले तर साफ कोण करणार, चुलीचे तोंड घरातल्या तव्याला आणि घरातल्या जळणाला जुळते का, हे स्वयंपाक करणारीला विचारायचे राहून गेले. मग बायांनी चुली फोडून आपल्या सोयीच्या करून घेतल्या, तर त्यांनाच अडाणी म्हटले गेले!

नंतर २०१६ साली उज्ज्वला आली. जोडणी बाईच्या नावावर, ही त्यातली मोठी गोष्ट. २०२४ साली राज्याने अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत जाहीर केले. पण तीन सिलिंडरवर पाचसहा माणसांच्या घराचे वर्ष निघत नाही. म्हणून गॅस चहाला, पाहुण्यांना. भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवरच. गॅस आला म्हणजे धूर संपला असे समजून चुलीचा प्रश्न सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही.

घरकुलाचेही तसेच. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे, आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाची स्वतंत्र जागा धरलेली आहे. घर एकटीच्या किंवा दोघांच्या नावावर, असाही नियम आहे. पण मिस्त्रीशी बोलतो कोण? चूल कुठे, खिडकी कुठे, वर टिन की स्लॅब, हे ठरते तेव्हा जिच्या नावावर घर ती कुठे असते? वैशाखात टिनाखाली दुपारभर तीच असते. जुनी मातीची जाड भिंतीची घरे गार असायची, ती पडली. आता निदान स्लॅबवर, टिनावर पांढरा चुना मारला तरी ऊन परतते आणि आतला ताव कमी होतो. अहमदाबादेत महिला हाउसिंग ट्रस्टने वस्तीतल्या बायांनाच घराच्या विजेची, उष्णतेची तपासणी करायला शिकवले आणि छपरे पांढरी करून घेतली. तिथे तपासणारी घरातलीच होती, बाहेरून आलेला साहेब नव्हे.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतील, चूल सुधारा म्हणणे म्हणजे बाईला पुन्हा चुलीपाशीच बसवणे. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. पुरुषाने भाकरी थापावी हा आग्रह आपण सोडलेला नाही. पण तो चुलीपाशी येईपर्यंत धूर आपल्याच छातीत जातो, त्याचे काय? मला खरी भीती दुसरी वाटते. चांगल्या चुलीने वाचलेला तास बाईकडे राहणार का? की त्या तासात आणखी एक तास निंदण? याचे उत्तर चुलीत सापडत नाही, ते घरात भांडूनच मिळवावे लागते.

तोवर जे हाती आहे ते करू. डाळ रात्रीच गोड्या पाण्यात भिजवावी, भांड्यावर झाकण ठेवावे. भाताला उकळी आली की भांडे कुटाराने भरलेल्या खोक्यात गोधडीखाली दाबून ठेवावे, आतल्या तावावर भात शिजतो. पऱ्हाट्यांवर पावसाळ्यात ताडपत्री टाकावी; ओल्या काडीची बरीच आग पाणी आटवण्यातच जाते.

आणि प्रत्येक गटाने एक काम करावे. आठ दिवस, रोज चुलीत घालण्याआधी जळण वजनकाट्यावर ठेवावे. किती किलो जळले, डाळ कुठल्या पाण्यात शिजवली आणि ते जळण कुणी आणले, एवढ्या तीनच गोष्टी लिहाव्यात. वह्या आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात त्या छापू आणि ग्रामसभेतही वाचू.