ओढायला मुखवटाच नाही

सुटीत धुळ्याचा भाचा आमच्याकडे जळगावला आला होता. मोबाइलवर चित्रकथा वाचता वाचता एकदम म्हणाला, "मामा, ह्या स्कूबी-डूमधली भुतं खरी आहेत!" कचेरीतून येऊन आम्ही नुकतेच टेकलो होतो. तरी त्याच्या शेजारी बसून अंक वाचून काढला.

स्कूबी-डूचे कार्टून अमेरिकेत 1969 साली सुरू झाले. फ्रेड, डॅफ्नी, वेल्मा, शॅगी आणि त्यांचा भित्रा कुत्रा गाडीतून हिंडतात. कुठेतरी भूत निघते. मुले माग काढून मुखवटा ओढतात, तो आत एखादा लबाड माणूस! भुताच्या नावाने कुणाचे तरी पोट भरत असते, हा धडा त्या कार्टूनने हसतखेळत दिला.

'स्कूबी अपोकॅलिप्स' म्हणजे स्कूबी आणि जगबुडी. डीसी कंपनीने 2016 ते 2019 या काळात हिचे 36 अंक काढले. लेखक किथ गिफेन व जे. एम. डीमॅटिस. पात्रे तीच, पण मोठी झालेली. वेल्मा शास्त्रज्ञ, डॅफ्नी टीव्हीची वार्ताहर, फ्रेड तिचा कॅमेरामन. वेल्माच्या प्रयोगशाळेत डोळ्यांना न दिसणारे यंत्रकण बनतात. त्यांनी माणसाचा राग-लोभ जाईल, असा तिचा समज. वरच्यांना मात्र हवी असते निमूट मान डोलावणारी प्रजा. वेल्मा तोंड उघडते, पण उशिरा. कण पसरतात, माणसांचे राक्षस होतात. आता ओढायला मुखवटाच नाही!

भाच्याला गंमत वाटली. आम्हाला त्याच्याच जिल्ह्यातला राईनपाडा आठवला. 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातल्या ह्या गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. मुले पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना ठार मारले. त्या दिवसांत तशी अफवा मोबाइलवरून गावोगाव फिरत होती.

इथे चित्रकथा आम्हाला तोकडी वाटली. तिच्यात दोष कणांचा. राईनपाड्यात कुणाच्या अंगात यंत्र शिरले नव्हते. हात माणसांचेच होते. आणि वेल्मासारखे शिकलेले लोक उशिरा बोलले, तर त्या बोलण्याचा मेलेल्यांना काय उपयोग?

भाच्याला आम्ही दोन प्रश्न पाठ करायला लावले : हे कुणी सांगितले? सांगणाऱ्याने स्वतः पाहिले का? रात्री त्याच्या मामीच्या मोबाइलवर कसलासा भीतीचा निरोप आला. ती पुढे पाठवणार, तोच पोराने विचारले, "मामी, हे कुणी पाहिलं?" तिने निरोप पुसून टाकला.

वाचकहो, मुलांच्या हातातली चित्रकथा हिसकावू नका. शेजारी बसून वाचा, आणि हे दोन प्रश्न घरात रुजवा.