माहिष्मतीचा खरा पत्ता

हैदराबादच्या वेशीबाहेर रामोजी फिल्म सिटी आहे. १९९६ साली सुरू झालेल्या या नगरीची गिनीज बुकात जगातला सर्वांत मोठा चित्रपट-स्टुडिओ म्हणून नोंद आहे. गोव्याहून हैदराबादला जाणारा पर्यटक चारमिनार आणि गोवळकोंडा पाहून झाला की तिकडे वळतो. तिथे त्याला माहिष्मती दिसते. २०१५ आणि २०१७ साली आलेल्या दोन 'बाहुबली' चित्रपटांचे ते काल्पनिक साम्राज्य. लोक तिथे फोटो काढतात आणि 'पुरातन भारत' पाहिल्याच्या समाधानात परततात.

कल्पित जग रचायला माझी हरकत नाही. एस. एस. राजामौली यांनी या जगाला राजवंश दिला, दंतकथा दिल्या. कालकेय टोळ्यांसाठी मदन कार्की यांनी 'किलिकी' नावाची स्वतंत्र भाषाही घडवली. टॉल्किनने आपल्या जगासाठी भाषा आणि वंशावळी रचल्या, त्याच वाटेवरचे हे काम आहे. आज मुले ज्या कल्पित दुनियांचे खेळ खेळतात, त्यांनाही असाच गतकाळ लागतो. जुने राजे आणि त्यांची वैरे नसतील तर ते जग पुठ्ठ्याचे वाटते.

पण या माहिष्मतीला वजन आले कुठून? नावांतून. कालकेय हे महाभारतातले असुर. कुंतल हा दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकाचा जुना प्रदेश, बनवासीच्या कदंबांचा. आणि बाहुबली म्हणजे जैन परंपरेतला ऋषभदेवांचा पुत्र. त्याने भावाला हरवले आणि जिंकलेले राज्य तिथेच सोडून तो तपाला गेला. चित्रपटातला धाकटा बाहुबली मात्र शेवटी सिंहासनावर बसतो. नाव घेतले, पण मूळ कथेचा गाभा वाटेत राहिला.

खुद्द माहिष्मती ही नर्मदाकाठची नगरी. कालिदासाच्या रघुवंशात ती येते. अनेक अभ्यासक तिला आजचे महेश्वर मानतात, तर काही ओंकारेश्वरकडे बोट दाखवतात. महेश्वर म्हणजे अहिल्याबाई होळकरांची राजधानी. तिथे आणि समोरच्या काठावरच्या नावडातोलीला पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलियांनी १९५० च्या दशकात उत्खनन केले. साडेतीन हजार वर्षांहून जुनी घरे आणि रंगवलेली मडकी निघाली. सोन्याचे सिंहासन काही निघाले नाही.

आता गोमंतकीयांसाठी खास गोष्ट. पुराणातल्या माहिष्मतीचा राजा म्हणजे सहस्रबाहू कार्तवीर्य अर्जुन. त्याला मारले परशुरामाने. पुढे त्याच परशुरामाने बाण सोडून समुद्र हटवला, तो बाण बाणावलीला पडला आणि आपली भूमी वर आली, असे आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणजे हैदराबादेत ज्या नगरीचा देखावा उभा आहे, तिच्या दंतकथेचे दुसरे टोक सासष्टीच्या किनाऱ्यावर आहे!

म्हणून केवळ चित्रपटवाल्यांना नावे ठेवणे सोपे आहे. आपला दोष निराळा आहे. चित्रपट निदान आपण काल्पनिक असल्याचे कबूल करतो. आपण मात्र परशुरामाचा बाण इतिहास म्हणून सांगतो आणि खरा इतिहास विसरतो. शिरोड्याला सापडलेला देवराज भोजाचा ताम्रपट लिपीवरून चौथ्या शतकाच्या आसपासचा मानतात. तो चंद्रपुराहून, म्हणजे आजच्या चांदरहून दिलेला आहे. तिथल्या जुन्या मंदिराच्या जागी शिर तुटलेला दगडी नंदी आहे. अमरेंद्र आणि महेंद्र ही नावे आपल्या मुलांना पाठ आहेत. देवराज किती जणांना माहीत आहे?

दंतकथा टाकून द्या, असे मी म्हणणार नाही. ज्या सह्याद्रिखंडात परशुरामाची कथा येते, त्याची संपादित आवृत्ती १८७७ साली छापली ती हडफड्याच्या डॉ. जेर्सन द कुन्हा यांनी. दंतकथाही अभ्यासाचा विषय आहे, हे आपल्याच माणसाने दाखवून दिले. मात्र मुलांना तीन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत: रचलेले जग, पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली कथा आणि जमिनीतून निघालेला पुरावा. तिन्हींची गोडी वेगळी आहे. त्यांची सरमिसळ झाली की ज्याचा आवाज मोठा तोच इतिहास ठरतो, आणि ताम्रपटाला आवाज नसतो.

शाळेची सहल हैदराबादला खुशाल जावी. त्याआधी तिने एक दिवस चांदरला घालवावा, एवढेच मागणे.