मैदानावरचे मौन

अमेरिकी जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्या लैंगिक अत्याचारांची वार्ता क्रीडा संघटनेला जून २०१५ मध्ये कळली. समाजाला ती सप्टेंबर २०१६ मध्ये वृत्तपत्रातून कळली. २०१८ मध्ये दीडशेहून अधिक पीडितांनी न्यायालयात आपली व्यथा मांडली.

आपल्या परंपरेत गुरू वंदनीय खरा. पण गुरुभक्ती म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार असा गुन्हा ठाऊक असूनही न कळवणे हाही गुन्हाच आहे. हाताखालच्या व्यक्तीचे कृत्य दडवणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. क्रीडामंडळांनी एकांतातील सराव बंद करावा. मूल अचानक मैदान टाळू लागले, तर त्याला आळशी ठरवण्याआधी पालकांनी त्याचे ऐकून घ्यावे. तक्रार दडपून राखलेली प्रतिष्ठा ही प्रतिष्ठाच नव्हे.